सृष्टीची लहान वाक्यं

लालासाहेब थोरातांनी एकतीस वर्षांत निबंधाच्या वहीवर नुसते गुण कधी टाकले नव्हते. मलकापूरच्या शाळेत ते नववी-दहावीला मराठी शिकवायचे आणि प्रत्येक निबंधाच्या समासात त्यांचा शेरा असायचाच. "बैलाचं वर्णन झकास, पण तो बैल शेवटी गेला कुठं?" किंवा "हे तू लिहिलंस की थोरल्या बहिणीनं?" कधी नुसतंच "वा!" वही हातात पडली की मुलं गुण बघायच्या आधी शेरा शोधायची. शिकून नोकरीधंद्याला लागलेली माणसं कऱ्हाडच्या बाजारात भेटली, की त्यांना दहाबारा वर्षांपूर्वीचा एखादा शेरा तोंडपाठ असायचा.

गेल्या जूनमध्ये संस्थेनं आपल्या सगळ्या शाळांना तपासणीचं ॲप दिलं. मुलांच्या पानांचे फोटो काढायचे. ॲप अक्षर वाचायचं, चुकांखाली लाल रेघ ओढायचं, समासात शेरा टाकायचं आणि गुण सुचवायचं. शिक्षकानं ते पाहायचं, वाटलं तर बदलायचं आणि खाली 'मान्य' दाबायचं. तपासलेलं पान छापून मुलांना मिळायचं. संगणकाच्या शिक्षिका आम्रपाली बनसोडे यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना ते करून दाखवलं तेव्हा लालासाहेब शेवटच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसले होते.

"बाई, तुमचं ॲप हुशार असेल," ते म्हणाले, "पण माझ्या पोरांच्या वह्या मीच वाचणार."

कुणाला नवल वाटलं नाही. आम्रपालीही हसली आणि पुढच्या शिक्षकाच्या मोबाईलकडे वळली.

दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी चहा पिताना लालासाहेबांचा कप बशीवर खुळखुळला. त्यांची बायको शालन समोरच बसली होती.

"आवं, हात कापतोय तुमचा."

"थंडी हाय."

"अंगावर बनियन घालून बसलाय आन थंडी हाय म्हनं!" शालननं कप खाली ठेवायला लावला. "सांगलीला मेंदूचं डॉक्टर हाईत. माझ्या भावाला सांगितलं तर लगीच नंबर लावंल."

"वार्षिक परीक्षा होऊ दे. मग बघू."

सुट्टी संपून शाळा सुरू झाली. कंप उजव्या हातालाच होता. हात मोकळा सोडला की थरथरायचा आणि पेन धरलं की अक्षर आकसत, वाकडं होत जायचं. फळ्यावर लिहायचं असलं की ते एखाद्या मुलीला पुढं बोलवायचे, "ये, आज तू लिही." मुलींना तो मान वाटायचा. वह्यांचं मात्र काय करावं ते सुचेना. एका वहीवर त्यांनी "वाचून आनंद झाला" असं लिहिलं. तो मुलगा दुसऱ्या दिवशी उभा राहिला आणि म्हणाला, "सर, काय वाचून आणायचंय?" वर्ग हसला. लालासाहेबही हसले, पण तास संपेपर्यंत त्यांनी हात खिशातून बाहेर काढला नाही.

त्याच दुपारी ते आम्रपालीकडे गेले. "बाई, ते ॲप माझ्या मोबाईलमध्ये पण टाकून द्या."

तिला इतका आनंद झाला, की तिनं कारणसुद्धा विचारलं नाही.

पहिले काही आठवडे ते प्रत्येक निबंध वाचत होते. पण वाचताना मनात शेरा यायचा आणि तो ठेवायला जागा नसायची. मोबाईलवर टाईप करायला गेलं तर बोट एकाच अक्षरावर तीनदा आपटायचं. एक ओळ लिहायला दहा मिनिटं लागायची आणि तीही खोडावी लागायची. शेवटी ते ॲपचाच शेरा तसाच ठेवू लागले. मग वाचणंही जड जाऊ लागलं. एखाद्या मुलीनं सुंदर काही लिहिलेलं असायचं, आणि खाली ॲपचं "चांगला प्रयत्न, अधिक उदाहरणे द्या" वाचून त्यांना स्वतःचाच राग यायचा. डिसेंबरपर्यंत त्यांनी वाचणं सोडलं. गुणांवर नजर टाकायची आणि 'मान्य' दाबायचं. दोन्ही तुकड्यांचे मिळून त्र्याऐंशी निबंध अर्ध्या तासात होऊन जायचे. वर्गात पानं वाटली की आता कुणी समासाकडे बघत नव्हतं.

जानेवारीत त्यांनी विषय दिला, 'आमच्या घरातली संध्याकाळ'.

नववी 'ब'मध्ये सृष्टी शेलार नावाची मुलगी होती. अबोल, पण अभ्यासात बरी. नदीपलीकडच्या गावाहून सायकलवर यायची. पानं वाटून झाली त्या दिवशी ती मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या पानावर पंधरापैकी सात गुण होते आणि शेरा होता, "वाक्ये फार लहान व तुटक आहेत. जोडून लिहा. वडिलांशी बोलून अधिक माहिती घेतल्यास निबंध खुलेल."

"सर, लहान वाक्यं चुकीची असतात का?"

लालासाहेबांनी पानाकडे पाहिलं. निबंध त्यांनी वाचलेला नव्हता. शेरा तेवढा वाचला.

"लिहिलंय ना त्यात. जोडून लिहीत जा."

"सगळीकडं?"

"सगळीकडं."

ती आणखी थोडा वेळ उभी राहिली. काहीतरी विचारायचं होतं तिला, पण घंटा झाली आणि ती गेली.

पंधरा दिवसांनी, शनिवारच्या सकाळच्या शाळेत, एक उंच, ताठ माणूस स्टाफरूममध्ये आला. केस बारीक कापलेले, हातात दोरी बांधलेलं पेन लावलेली जाडजूड वही. खोलीत त्या वेळी लालासाहेब आणि कोपऱ्यात संगणकावर काम करत बसलेली आम्रपाली एवढीच माणसं होती.

"नमस्कार सर!" त्याचा आवाज व्हरांड्यापर्यंत गेला. "मी सृष्टीचा बाप, जयराज शेलार. तोफखान्यात हवालदार हुतो. तोफांनी कान खाल्लं माझं, काय सुदीक ऐकू येत न्हाई. म्हनून मोठ्यानं बोलतो, माफ करा. तुमी ह्या वहीत लिवा, मी वाचतो."

लालासाहेबांनी खुर्ची पुढं केली. जयराज बसला.

"तक्रार न्हाई सर. लय मान हाय तुमचा आमच्या घरात. माझ्या चुलतभावाला तुमीच शिकिवलंय. पर एक अडचन झालीया." त्यानं वही उघडली. "घरात समदी माझ्याशी असंच बोलत्यात, लिवून. पोरगी संध्याकाळी ताटावर बसली की दिवसभराचं सांगती. आदी कशी सांगायची बघा."

लालासाहेबांनी वाचलं. "आज पाटाला पाणी आलं. म्हैस सुटली. आजी ओरडली. मी पळाले. चप्पल तुटली. म्हैस सापडली. चप्पल नाही. हसू नका."

"आन आता हे बघा," जयराजनं पानं उलटली.

"आज पाटाला पाणी आलेले असताना व त्याच वेळी म्हैस सुटलेली असल्यामुळे आजी ओरडली आणि त्यामुळे मला पळावे लागले असता माझी चप्पल तुटली, परंतु..."

"जेवान हुईस्तवर हे मला वाचून हुईत न्हाई. भाकरी गार हुती. म्हनलं, असं का लिवतीस गं? तर म्हनली, सरांनी सांगितलंय, सगळीकडं जोडून लिवायचं." जयराज थोडा पुढं वाकला. "तवा म्हनलं, जाऊन इचारावं. शाळंत लांब लिवू दे. त्यातलं मला काय कळत न्हाई. पर घरात लहान चालंल का?"

लालासाहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. या माणसाला बोलून काही सांगता येणार नव्हतं. वही समोर होती, पेन दोरीला लोंबत होतं. त्यांनी उजवा हात खिशातून काढला, पेन धरलं, मनगट डाव्या हातानं दाबून धरलं आणि लिहायला सुरुवात केली. पहिला शब्दच ओळीवरून घसरला.

जयराज कागदाकडे बघत नव्हता. तो हाताकडे बघत होता.

"सर, हात कापतोय तुमचा!"

त्याला हळू बोलता येत नव्हतं. कोपऱ्यात आम्रपालीची बोटं कीबोर्डवर थांबली. लालासाहेबांनी इतके दिवस लपवून ठेवलेली गोष्ट भिंतीवर आपटून खोलीभर झाली होती. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ठिवू नका," जयराज म्हणाला. "लिवा. घाई न्हाई. मी थांबतो. मला थांबायची सवय हाय."

आणि तो खरंच थांबला. मदतीला हात पुढं केला नाही, दुसरीकडे तोंडही फिरवलं नाही. रेल्वे फलाटावर गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखा निवांत बसून राहिला. लालासाहेबांनी पुन्हा पेन उचललं. चार ओळी लिहायला किती वेळ गेला कोण जाणे. अक्षरं मुंग्यांएवढी झाली होती, तरी वाचता येत होती.

"चूक माझी आहे. मी तिचा निबंध वाचलाच नाही. मशीनने वाचला. घरात तिला आधीसारखंच लिहू द्या."

जयराजनं वही जवळ धरून ते दोनदा वाचलं.

"माझं कान जायला लागलं, तवा दोन वर्सं कुनाला बोललो न्हाई मी," तो म्हणाला. "समोरचा काय बी बोलला की 'व्हय साब, व्हय साब' म्हनायचो. एकदा असाच व्हय म्हनलो आन भलत्याच गाडीवर माझी ड्यूटी लागली. दोन दिवस बर्फात! मग बायकोच्या ध्यानात आलं. ही वही तिनं आनली." त्यानं वही बंद करून काखेत घेतली. "निबंद वाचला न्हाई म्हनताय, तर आता वाचा की. कुटं पळून चाललाय तो?"

तो गेल्यावर लालासाहेबांनी सृष्टीचा निबंध उघडला आणि पहिल्यांदा वाचला.

"आमच्या घरात संध्याकाळी आवाज नसतो. टीव्ही मुका असतो. आई भाकरी थापते. तेवढाच आवाज. बाबांना तोही येत नाही. पण ते तव्याकडे बघतात. भाकरी फुगली की हसतात. मग मी वही घेते. मी लिहिते. ते वाचतात. घास तोंडात असतो. म्हणून मी लहान लिहिते. घास संपायच्या आत वाक्य संपलं पाहिजे."

पुढं आणखी पानभर होतं. ते वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पंधरापैकी सात. वडिलांशी बोलून अधिक माहिती घ्या. त्याखाली त्यांचं नाव आणि हिरव्या अक्षरांत 'मान्य'.

आम्रपाली शेजारी येऊन उभी होती.

"सर, कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"मला वाटलं, तुम्हाला ॲप आवडलं." ती खुर्चीत बसली. "मी बाकीच्यांना तुमचं उदाहरण देत होते. थोरात सरसुद्धा वापरतात म्हणून. मला एकदा सांगायचं तरी होतंत."

"काय सांगणार होतो बाई? मराठीच्या मास्तरला मराठी लिहिता येईना, हे?"

त्यांचा मोबाईल घेऊन तिनं शेऱ्याची चौकट उघडली आणि कोपऱ्यातल्या माईकच्या छोट्या चित्राकडे बोट दाखवलं. "हे दाबून बोलायचं. ते लिहून घेतं. करून बघा."

लालासाहेबांनी घसा साफ केला. "लय झाक जमलंय, गड्या!"

पडद्यावर उमटलं, "लई झाकण जमले गाडी."

आम्रपालीनं तोंडावर हात धरला, पण हसू आवरेना. लालासाहेबांनी पडद्याकडे बघितलं आणि तेही हसू लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. दिवाळीनंतर शाळेत असे ते पहिल्यांदाच हसत होते.

"थोडं सावकाश बोला," ती म्हणाली. "चुकलं तर तोच शब्द पुन्हा. दोन-चार दिवसांत तुम्हालाही अंदाज येईल."

"आणि ॲपच्या शेऱ्याचं काय करायचं?"

"तो बंद ठेवता येतो. वाक्यांच्या लांबीची तपासणीसुद्धा बंद करता येते. शुद्धलेखनाच्या रेघा मात्र राहू द्या सर, त्या बहुतेक बरोबर असतात. ऱ्हस्व-दीर्घ ते बघेल. बाकी तुम्ही बघा."

सोमवारी ते वर्गात गेले आणि हात खिशात न घालता टेबलावर ठेवला. तो थरथरत होता. पुढच्या बाकावरच्या मुलींच्या लक्षात आलं, मग मागच्यांच्याही.

"माझा हात कापतो," ते म्हणाले. "आजार आहे. म्हणून मला लिहिता येत नाही. ते लपवायला मी एक वाईट काम केलं. डिसेंबरपासून तुमचे निबंध मी वाचले नाहीत. ॲपनं वाचले आणि मी नुसतं मान्य दाबलं. जानेवारीचा निबंध मी पुन्हा तपासणार आहे. सगळ्यांचा."

मागच्या बाकावरून ऋषिराजचा आवाज आला. "सर, मग गुण कमी पन व्हनार का?"

"होतील. वाढतील पण."

दोन्ही घडलं. दोघांनी गाईडमधून उतरवलेला गुळगुळीत निबंध ॲपला फार आवडला होता, त्यांचे तेराचे आठ झाले. सृष्टीचं पान त्यांनी सगळ्यात आधी घेतलं. शेरा बोलून, दुरुस्त करून, पुन्हा बोलून त्यांनी तो पुरा केला.

"सृष्टी, तुझ्या समोर एक माणूस ताटावर बसून वाचतोय. त्याच्यासाठी तू लिहितेस म्हणून ही वाक्यं लहान आहेत आणि म्हणूनच ती चांगली आहेत. कुणासाठी लिहायचं, हे मोठ्या माणसांनाही लवकर कळत नाही. परीक्षेत जिथं कारण सांगायचं असेल तिथं दोन वाक्यं जोड, तिथं ते लागतं. बाकीची अशीच राहू दे. आधी तुला जोडून लिही म्हणालो, ते न वाचता म्हणालो होतो. बारा गुण."

तिनं ते बाकावर बसूनच वाचलं. मधल्या सुट्टीत ती आली.

"सर, हे बाबांना दाखवू?"

"दाखव की."

"ते मोठ्यानं वाचतात. सगळ्या गल्लीला कळंल."

"कळू दे," लालासाहेब म्हणाले.

ती जायला वळली आणि थांबली. मग म्हणाली, "त्या दिवशी मला विचारायचं होतं, की तुम्ही वाचलंय का. पण विचारलं नाही."

"विचारायला हवं होतंस."

"पुढच्या वेळी विचारीन," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरून ते खरं वाटत होतं.

मुख्याध्यापकांच्या कानावर ते सगळं लालासाहेबांनी स्वतःच घातलं. ते रागावतील असं वाटलं होतं. मुख्याध्यापक टेबलावरचा कागद सरळ करत म्हणाले, "थोरात सर, खरं सांगू? मीसुद्धा इतिहासाचे पेपर तसेच सोडलेत." पुढच्या बैठकीत आम्रपालीनं सुचवलं, की शिक्षकानं स्वतःचं एक तरी वाक्य घातल्याशिवाय पान छापायचं नाही. थोडी कुरकुर झाली, पण ठरलं.

त्या आठवड्याच्या अखेरीस शालन त्यांना घेऊन सांगलीला गेली. डॉक्टर बाईंनी त्यांना चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली, कागदावर एक ओळ लिहायला सांगितली. कंपवाताची सुरुवात होती. गोळ्या लिहून दिल्या, हाताचे व्यायाम शिकवले.

"पूर्ण जाईल असं सांगणार नाही मी," त्या म्हणाल्या. "पण बराच आवरता येईल. आधी यायला हवं होतंत."

"शिकवता येईल ना?"

"वाचता येतंय, बोलता येतंय. शिकवा की."

शालननं नवऱ्याकडे बघितलं. बाहेर आल्यावर तिनं दोन कप चहा मागवला आणि त्यांचा कप अर्धाच भरायला सांगितला.

परतीची एस.टी. दुपारची होती. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या होत्या, गाडी रखडत चालली होती. शालनला खिडकीशी डुलकी लागली. लालासाहेबांनी मोबाईल काढला. अजून एकोणीस निबंध राहिले होते. पहिला ऋषिराजचा निघाला. त्याच्या घरी संध्याकाळी दोघे भाऊ टीव्हीच्या रिमोटवरून भांडतात, म्हणून आजीनं रिमोट लपवला होता, आणि सगळं घर तीन दिवस तो शोधत होतं. शेवटी तो पिठाच्या डब्यात निघाला. लालासाहेब मोठ्यानं हसले. मग त्यांनी माईक दाबला आणि मोबाईल तोंडाजवळ धरला.

"ऋषिराज, रिमोट पिठात सापडला, पण मग तीन दिवस भाकरी कोणत्या पिठाच्या केल्या, ते लिहायचं राहिलं."

पलीकडच्या बाकावर मार्केट यार्डातून निघालेला एक माणूस बसला होता. सदऱ्याच्या बाह्यांवर हळद होती. तो वळून बघत राहिला.

"मास्तर हाय काय तुमी?"

"व्हय."

"कसला रिमोट आन कसलं पीठ?"

"पोराचा निबंध आहे."

"मग मार्क किती दिलं?"

"अजून दिले नाहीत. तुमी किती द्याल?"

"आवं, मी कसं सांगू? मी वाचलाय कुटं?" तो माणूस सरकून बाकाच्या कडेला आला. "वाचा की. ऐकू तरी द्या."

पुढच्या बाकावरच्या बाईंनीही मान वळवली. लालासाहेबांनी डाव्या हातात मोबाईल धरला, चष्मा नीट केला आणि गाडीच्या खडखडाटावर आवाज चढवून पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.